दहावा दाखला

दाखलेबाईंना यातून मिळणार होती एक खुर्ची. साधीसुधी नव्हे, अधीक्षकाची. हात असलेली, खिडकीला पाठ करून ठेवलेली. तिच्यावर बसणाऱ्याला कोणी "जरा बघता का" म्हणत नाही, "आपल्याला वेळ आहे का" म्हणतं.

प्राचार्यांनी बोली केली होती. गेल्या साली पहिल्या वर्षाची एकतीस मुलं कॉलेज सोडून गेली. यंदा सत्र संपेपर्यंत आकडा दहाच्या आत राहिला, तर खुर्ची बाईंची. सोडून जाणाऱ्यांचे दाखले बावीस वर्षं बाईंच्याच खिडकीवर लिहिले जात, म्हणून तर हे नाव पडलेलं. आता दाखले जितके कमी, तितकी बढती जवळ. छत्री विकणाऱ्याने ऊन पडावं म्हणून देव पाण्यात घालावेत, तसला हा व्यवहार.

बाईंचं गणित सरळ होतं. मूल एका दिवसात जात नाही, थोडं थोडं जातं. आधी जेवायला येईनासं होतं, मग पुस्तकं न्यायला, मग खोलीवर वेळेत. पण हे ज्यांना दिसतं, ते आपापलं रजिस्टर पोटाशी धरून बसलेले. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत बाईंनी तिघांना एका टेबलाशी आणलं: ग्रंथपाल, मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई आणि मेसवाले काका.

"आमचं रजिस्टर बाहेर जात नाही," ग्रंथपालांनी आधीच सांगून टाकलं.

"ते कुठं गेलंय? तुम्हीच आलात ना त्याला कडेवर घेऊन," रेक्टरबाई म्हणाल्या.

काका हसले, आणि हसताना त्यांचं रजिस्टर उघडं राहिलं. मग इतरांनीही उघडलं. ठरलं असं की ज्याला ज्या मुलाची काळजी वाटेल त्याने त्याला चिठ्ठी पाठवून बोलवायचं आणि दोन शब्द विचारायचे. चिठ्ठ्या नव्या छापायच्या तर महिना जाणार. बाईंच्या कपाटात कॉपी करताना सापडलेल्यांसाठी छापलेला एक गठ्ठा पडून होता: 'तात्काळ उपस्थित राहावे, अन्यथा पुढील कारवाई करण्यात येईल.' कागद वाया घालवणं बाईंच्या रक्तात नव्हतं.

"मजकूर कोण वाचतंय," म्हणत त्यांनी तिघांना वाटणी केली.

मजकूर वाचणारी गुरुवारी अकरा वाजता खिडकीशी उभी राहिली. पहिल्या वर्षाची, वेणी घट्ट, आवाज त्याहून घट्ट. तिने एक अर्ज पुढे सरकवला आणि त्यावर तीन चिठ्ठ्या ठेवल्या, तीन वेगवेगळ्या सह्यांच्या.

"दाखला हवाय. वडील चार वाजता गाडी घेऊन येतायत."

"कशाला गं?"

"काढून टाकण्याआधी आपण गेलेलं बरं. वडील म्हणाले, काढलं असं कागदावर आलं तर दुसरीकडे कोणी उभं करत नाही."

वहीत नऊ दाखले झाले होते. बाईंच्या मनात पहिला विचार खुर्चीचा आला, हे लपवण्यात अर्थ नाही. दुसरा यायला जरा वेळ लागला, पण आला.

"संध्याकाळी जेवायला का जात नाहीस?"

"आमच्या तुकडीचं प्रॅक्टिकल साडेसातला सुटतं. मेस सातला बंद होते. मग बाहेर काहीतरी खाऊन येते, तर गेटवर उशिराची नोंद होते."

"आणि लायब्ररी?"

"तीही सातलाच बंद. दिवसभर तर तासच असतात."

रेक्टरबाईंच्या लेखी ही भटकणारी, काकांच्या लेखी रुसलेली, ग्रंथपालांच्या लेखी पुस्तकांचं वावडं असलेली. तीन रजिस्टरांत तीन मुली, आणि खिडकीशी मात्र वेळापत्रकाने दमलेली एकच. मंगळवारी तिघांनी रजिस्टरं एकमेकांना दाखवली होती, पण नावं ताडून पाहायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

चार वाजता वडील आले. हातात शेजाऱ्याच्या गाडीची किल्ली. तिघेही बोलावल्यासरशी हजर होते.

"मी ताट झाकून ठेवीन, आठपर्यंत," काका म्हणाले.

"गेटवर मी सांगून ठेवते," रेक्टरबाई म्हणाल्या.

"आठपर्यंत उघडं ठेवणं नियमात बसत नाही," ग्रंथपाल म्हणाले. मग रेक्टरबाईंचे डोळे पाहून त्यांनी भर घातली, "पण बसवता येईल."

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही माणसं चांगली आहात. पण कारवाई कागदावर आहे, आणि चांगुलपणा नुसता तोंडी."

ग्रंथपाल बाईंच्या कानाशी लागले. "'कार्यालयीन त्रुटी' लिहा. कोणाची, ते कोण विचारतंय?"

"हेच विचारतील," बाई वडिलांकडे पाहत म्हणाल्या.

त्यांनी कोरा कागद ओढला. 'चुकीचे फॉर्म मी दिले. या विद्यार्थिनीवर कोणतीही कारवाई नव्हती व नाही.' खाली सही, शिक्का, जावक क्रमांक, आणि प्रत प्राचार्यांना. जावक क्रमांक पडला की कागद मागे फिरत नाही, हे त्या बावीस वर्षं दुसऱ्यांना सुनावत आल्या होत्या.

वडिलांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला. "चल," ते मुलीला म्हणाले, "ट्रंक परत वर नेऊ. एका बाजूने तू धर."

सत्र संपलं तेव्हा आकडा नऊवरच होता. प्राचार्य खूश झाले, आणि अवघडलेही. "बाई, काम उत्तम. पण लेखी चूक कबूल केलेल्या माणसाला अधीक्षक कसं करू?"

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "पण मंगळवारची बैठक बंद करायची नाही."

खुर्ची ग्रंथपालांना मिळाली. आयुष्यात त्यांनी स्वतःबद्दल काही लेखी दिलंच नव्हतं. बैठक आता त्यांच्या खोलीत भरते. चहा त्यांचा, आणि बाई त्यांना पहिल्याच घोटाला विचारतात, "आपल्याला वेळ आहे का?"

तर किंमत म्हणून कोणी काय भरलं? काकांनी रोजचा एक तास. ग्रंथपालांनी सातच्या ठोक्याला घरी जाण्याची सवय. रेक्टरबाईंनी एक लाडका संशय. मुलीने काहीच नाही, आणि तसंच असायला हवं. बाकीचं सगळं दाखलेबाईंनी भरलं, आणि त्यांच्या वहीतलं दहावं पान अजून कोरं आहे.