येणाऱ्याची खोली

मागच्या खोलीला रंग लागला तो बुधवारी, आणि त्याच दिवशी शोभनाताईंनी आपलं बिऱ्हाड पुढच्या खोलीतल्या दिवाणावर हलवलं. बिऱ्हाड म्हणजे काय, तर एक उशी, दोन चादरी, गोळ्यांचा डबा आणि गेलेल्या नवऱ्याचा, अशोकरावांचा फोटो. त्यांना कोणी ऊठ म्हटलं नव्हतं. मुलगा मुकुल एवढंच म्हणाला होता, "आई, तुझ्या खोलीचं कसं करायचं, ते बघू आपण." पण 'बघू' म्हणणारा आधीच बघून बसलेला असतो, हे तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला सांगावं लागत नाही. कोणी उठवायच्या आत आपणच उठलेलं बरं, म्हणून त्या उठल्या. आणि उठल्या त्या फुगूनच बसल्या. तीन दिवस घरात कोणाशी धड बोलल्या नाहीत.

इंदूरच्या स्नेहलतागंजातलं ते घर मुळातच एवढंसं. पुढची खोली, मुकुल-सुरुचीची खोली, चिंचोळं स्वयंपाकघर आणि मागे शोभनाताईंची आठ बाय नऊची खोली, जिच्यात पलंग असताना कपाटाचं दार अर्धंच उघडायचं. आता पलंग मोडून गच्चीवर गेला होता. भिंती फिकट पिवळ्या झाल्या. सुरुची ऑफिसातून आली की चहासुद्धा न घेता स्टुलावर चढायची आणि भिंतीला ढग चिकटवायची. ढगांखाली हत्तींची रांग. छताला दोऱ्यांनी बांधलेली कागदी पाखरं. मधोमध स्टँडवर टांगलेला लाकडी पाळणा, त्यात पांढरी गादी आणि तिच्यावर मोहरीची उशी, सुरुचीने स्वतः शिवलेली. खिडकीला पडदासुद्धा लागला, ज्यासाठी शोभनाताई सहा वर्षं मुकुलच्या मागे लागल्या होत्या.

सगळं होतं, फक्त बाळ नव्हतं. आणि सुरुचीला दिवसही गेलेले नव्हते.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्यातली चार दवाखान्यात गेली. शोभनाताई स्वतः खजरान्याच्या गणपतीला जाऊन देवळाच्या मागच्या भिंतीवर नवसाचा उलटा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढून आल्या होत्या, बुधवार धरले होते. शेवटचे उपचार फसले तेव्हा सुरुची आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती, आणि शोभनाताईंनी तिच्या उशाशी बसून तिला भाताची पेज भरवली होती. सासू म्हणून त्या काही वाईट नव्हत्या. पण मग एका संध्याकाळी दोघं समोर येऊन बसली आणि मुकुल म्हणाला, "आई, आम्ही बच्चा गोद घेतोय. फॉर्म भरला ऑनलाइन."

"कोणाचा?" शोभनाताईंनी विचारलं.

"ते माहीत नसतं आई."

"मग कुठला?"

"तेही नाही. जिथून मिळेल तिथून."

भाजी आणायला निघाल्यासारखं बोलत होता. शोभनाताईंना तोंडात मारल्यासारखं झालं. कोणाचं रक्त, कोणतं कूळ, पुढे काय निघेल, काही ठाऊक नाही, आणि फॉर्म भरून मोकळे. समाजातल्या बायका काय विचारतील, हेही मनात आलं. पण ते त्यांनी गिळलं, कारण ते बोलायला त्यांची त्यांनाच लाज वाटली.

आता शनिवारी दत्तक देणाऱ्या संस्थेची बाई घर बघायला येणार होती. घर बघणार, कागद बघणार, आणि घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोलणार. म्हणून तर रंगाची ही घाई. शुक्रवारी सकाळी मुकुल दिवाणाच्या काठावर येऊन बसला.

"आई, टेन्शन नको घेऊस. ती विचारेल, तुम्हाला पसंत आहे का? तू हो म्हणायचं. बस. खतम."

"आणि पसंत नसेल तर?"

"तरी हो म्हणायचं यार आई. घरातल्या बुजुर्गांनी ना म्हटलं तर फाइल अटकते."

म्हणजे सगळं त्यांच्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं. ज्या शब्दासाठी कोणी त्यांना फॉर्म भरण्याआधी विचारलं नव्हतं. शोभनाताईंना आधी राग आला, मग थोडी ताकद आल्यासारखी वाटली, आणि मग त्या ताकदीचीच भीती वाटली. त्या म्हणाल्या, "मी खोटं बोलत नाही, तुला माहीत आहे." मुकुलने हात झटकले आणि तो ऑफिसला गेला.

संध्याकाळी कपाटातून धुतलेली साडी काढायला त्या मागच्या खोलीत गेल्या. सुरुची स्टुलावर होती. खाली न बघता म्हणाली, "आई, मुकुल काय बोलला ते मला कळलं. त्याचं ऐकू नका."

"म्हणजे?"

सुरुची खाली उतरली. तिच्या बोटांना डिंक लागला होता. ती नाशिकची, बोलणं शांत, पण एकदा बोलली की मागे न घेणारं. "मनात नसेल तर सरळ नाही म्हणा. मी एका शब्दाने बोलणार नाही तुम्हाला, आत्ताही नाही आणि पुढेही नाही. पण खोटं हो म्हणू नका. तुमचं हो खोटं असलं तर ते पोर जन्मभर तुमच्या तोंडाकडे बघत राहील."

"आणि नाही म्हटलं तर तू जन्मभर माझ्याकडे बघशील."

"हो," सुरुची म्हणाली. "बघेन."

शोभनाताई साडी घेऊन बाहेर आल्या. मुलाने निदान लपायला जागा दिली होती; सुनेने तीही काढून घेतली. आता हो म्हणायचं तर मनापासून हवं आणि मनात तर नुसता गोंधळ होता.

शनिवारी अकराला ती बाई आली. शोभनाताईंनी मनात एक कडक, चष्म्यावरून बघणारी तपासनीस रंगवून ठेवली होती. ही चाळिशीची, सुती साडीतली, खांद्याला फायलींची पिशवी. घाम पुसत आधी पाणी मागणारी, आणि इंदुरातलीच मराठी निघाली. मधुरिमा तिचं नाव. तिने कागद बघितले, स्वयंपाकघर बघितलं, नळाला पाणी किती वेळ येतं विचारलं, आणि मग मागच्या खोलीच्या दारात थबकली.

"अरे वा! किती गोड केलीय खोली! पण इतकी जल्दी कशाला? नंबर यायला अजून तीन-साडेतीन वर्षं तर लागतीलच ना."

मागे उभ्या असलेल्या शोभनाताईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी मुकुलकडे बघितलं. मुकुल भिंतीवरचे हत्ती मोजत होता.

"घर लहान आहे ना मॅडम," सुरुची म्हणाली. "जागा रिकामी ठेवली की कशाने तरी भरून जाते. म्हणून आधीच करून ठेवली."

कशाने तरी! म्हणजे आपण आणि आपला पलंग. आणि तीन वर्षं! जे पोर तीन वर्षं येणारच नाही, त्याच्यासाठी आपण आजपासून दिवाणावर पाय पोटाशी घेऊन निजायचं, आणि हे सांगायची कोणाला गरज वाटली नाही. शोभनाताईंच्या डोक्यात सणक गेली. त्यांचा निर्णय तिथेच झाला. विचारू दे, म्हणजे एकदाचं सांगूनच टाकते.

मधुरिमाने दोघांना बाहेर बसायला सांगितलं. दार लोटलं. त्या पिवळ्या खोलीत दोघीच राहिल्या. शोभनाताई प्लास्टिकच्या खुर्चीवर, मधुरिमा पाळण्याशेजारी स्टुलावर, मांडीवर फाइल.

"आंटीजी, मी काही तुमचा पेपर तपासायला नाही आले. तुमच्या मनात काय आहे, तेवढं सांगा."

"काय असणार मनात! माझी खोली गेली. मला कोणी विचारलं नाही. तीन वर्षं लागणार, हे मला आत्ता तुमच्याकडून कळतंय. लिहा, सगळं लिहा."

मधुरिमा लिहू लागली. शोभनाताईंना वाटलं होतं, ती मध्येच अडवेल, समजूत घालेल, उपदेशाचं काहीतरी बोलेल. ती नुसती लिहीत राहिली. आणि ऐकणारं माणूस मिळालं की राग फार वेळ टिकत नाही. त्याच्या तळाशी जे असतं ते वर येतं.

"आणि मला भीती वाटते," शोभनाताई म्हणाल्या. "माझ्या भाचीचं बाळ मांडीवर घेतलं ना, तेव्हा आत कसं गलबलून आलं होतं. ह्याला घेतलं आणि काहीच नाही वाटलं तर? नाटक मला येत नाही. आणि पोरांना कळतं हो. पहिलीतल्या पोरालासुद्धा बरोबर कळतं, कोणती बाई आपल्याला मनापासून जवळ घेते आणि कोणती नुसती कर्तव्य म्हणून. आधीच कोणीतरी टाकून दिलेलं ते, त्याला घरात आणायचं आणि इथे पुन्हा तेच? माझ्या हातून? नको. मी नाही म्हणते ती त्याच्यासाठीच म्हणते असं समजा."

मधुरिमाने मान हलवली. तिचा उजवा हात लिहीत होता. डावा हात शेजारच्या पाळण्याच्या काठावर होता, आणि लिहिता लिहिता, काही मनात नसताना, तो हात पाळण्याला झोका देऊ लागला. दोरी कुरकुरली. एकदा, दोनदा.

शोभनाताई ताडकन उठल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी पाळणा धरला.

"अहो, रिकामा पाळणा काय हलवता!"

मधुरिमा दचकली. "का? काय होतं?"

"बाळाचं पोट दुखतं!" शोभनाताई अक्षरशः ओरडल्या. "एवढंही सांगितलं नाही का कोणी तुम्हाला?"

"कोणत्या बाळाचं?"

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं. शोभनाताईंनी पाळण्यात बघितलं. कोणत्या बाळाचं? घरात दुसरं बाळ नव्हतं, शेजारी नव्हतं. भाचीचं तर आता शाळेत जात होतं. पाळणा एकाचाच होता. पोट दुखेल म्हणून त्यांचा जीव ज्याच्यासाठी घाबरला, ते तेच बाळ होतं. ज्याचं नाव नाही, गाव नाही, ज्याला त्या आत्ता एका मिनिटापूर्वी नको म्हणाल्या होत्या.

पाळणा केव्हाच थांबला होता, तरी त्यांचे हात सुटेनात. त्यांनी विचारलं, "आत्ता कुठे असेल ते?"

"अजून जन्मालाही आलं नसेल, आंटीजी. अगदी लहान बाळ मागितलंय ना ह्यांनी. अजून दोन-तीन वर्षांनी कुठेतरी होईल, मग येईल."

"आणि तोवर?"

"तोवर वाट बघायची."

मधुरिमाने फाइल मिटली. तिने पुढे काही विचारलं नाही, आणि शोभनाताईंनीही तोंडाने हो असं म्हटलं नाही. दार उघडलं तेव्हा मुकुल सोफ्यावरून उठला. "आई, काय सांगितलंस?" त्याचा चेहरा परीक्षेचा निकाल बघायला आलेल्या मुलासारखा झाला होता.

"खरं ते सांगितलं," शोभनाताई म्हणाल्या.

सुरुची चहाचे कप उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली, चेहरा कोणाला दिसू नये म्हणून. मुकुल बाईला सोडायला स्कूटर काढायला खाली गेला. मधुरिमा दाराशी चपला घालत होती. शोभनाताई तिच्यामागे गेल्या, दार अर्धं ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? जरा लवकर नाही का होणार?"

"काय?"

"आमचा नंबर. थोडा आधी नाही का लागणार? मी एकाहत्तरची आहे. शुगर आहे मला, मागच्या साली हृदयाचं पण निघालं. तीन-साडेतीन म्हणजे पंच्याहत्तर होतील." त्या थांबल्या. "मला त्याला मांडीवर घेऊन बघायचं होतं एकदा. काय वाटतं ते."

मधुरिमाने त्यांचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "रिपोर्ट मी सोमवारीच पाठवते, आंटीजी. चांगला पाठवते. पण नंबर माझ्या हातात नसतो. जो लागेल तो लागेल."

"हो, हो. तसंच असणार ते," शोभनाताई म्हणाल्या.

मधुरिमा जिना उतरली. खाली स्कूटर सुरू झाली. शोभनाताई वळल्या तर मागे सुरुची उभी, कपांचा ट्रे दोन्ही हातांत गच्च धरून. तिने सगळं ऐकलं होतं. ती रडत होती, आणि ट्रेमुळे तिला डोळेही पुसता येत नव्हते. शोभनाताईंनी पदराने तिचे डोळे पुसले. स्वतःचे पुसायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. त्या मनातल्या मनात वर्षं मोजत होत्या, आणि किती वेळा मोजली तरी ती कमी होत नव्हती.