तिसरी प्लेट

वर्कशॉपमध्ये मला सगळे मास्तर म्हणायचे. माझं काम सपाटीचं. दीड हात लांबीची लोखंडी प्लेट घ्यायची, दुसरीला निळा रंग फासून तिच्यावर ही फिरवायची. जिथे निळं लागेल तिथे उंचवटा. तो हातातल्या पात्याने खरवडायचा. असं आठ-आठ दिवस. मग बाकीची यंत्रं माझ्या प्लेटवर तपासली जायची. म्हणजे तिथे सरळ काय आणि वाकडं काय, ते मी ठरवत होतो. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू?

बायको म्हणायची, "घरातलं टेबल डुगडुगतंय, आणि म्हणे सपाटीचे मास्तर!"

ती दर रविवारी चर्चमध्ये उपासनेला जायची. मी तिला दारापर्यंत सोडून परत फिरायचो. आत माझं काय काम, असं विचारलं की म्हणायची, "काहीच नाही. म्हणून तर चला म्हणते."

अडतीस वर्षांचा संसार, आणि तीन दिवसांच्या तापात गेली. आठवडाभराने मी कामावर हजर झालो. घरात बसून करणार काय? नवरा म्हणून संपलो, निदान मास्तर तरी उरलोय, असं वाटायचं.

आमच्या धंद्यात नवख्यालाही पहिल्या महिन्यात एक गोष्ट सांगतात. दोन प्लेटी एकमेकींवर चोख बसल्या म्हणून त्या सपाट असतात असं नाही. एक मधोमध खोल आणि दुसरी तेवढीच फुगीर असेल, तरी चोख बसतात. म्हणून तिसरी लागते. तिन्ही आपसात जुळल्या तरच खरं. बायको गेली त्या महिन्यात मी दोन नव्या प्लेटी केल्या आणि तिसरी लावायचीच विसरलो. तीस वर्षांत पहिल्यांदा.

शनिवारी लेथवरचा टर्नर म्हणाला, "मास्तर, गिऱ्हाइकांकडे गेलेल्या अकरा यंत्रांच्या खालच्या बैठका हलतायत म्हणे. तिथे बसवणाऱ्यांनीच घोळ घातला असणार. तुमची प्लेट आहे म्हटल्यावर!"

"बघू," मी म्हणालो.

सगळे गेल्यावर जुनी तिसरी प्लेट काढली, निळा फासला, माझी नवी तिच्यावर फिरवली. निळं फक्त कडांना लागलं. मधलं लोखंड कोरडं. म्हणजे माझी प्लेट मधोमध खोल होती. मी रंग पुसला, दिवे मालवले आणि घरी आलो. बसवणाऱ्यांवर ढकललं असतं तर कोणी हूं की चूं केलं नसतं. आणि खरं बोललो, तर मास्तर राहणार नव्हतो. मग राहणार तरी कोण होतो?

रविवारी सकाळी मुलगी आली. "बाबा, आज आईसाठी म्हणून चला."

"इस्त्रीचा शर्ट नाही."

"तुमची इस्त्री बघायला कोण बसलंय तिथे? उठा."

बाप्तिस्मा लहानपणीच झाला होता, पण प्रभुभोजनाला, म्हणजे येशूने आपला देह दिला त्याच्या आठवणीची भाकरी घ्यायला, मी लग्नानंतर गेलो नव्हतो. चर्चमध्ये पुढच्या कठड्याशी सगळे ओळीने गुडघे टेकून बसले. माझ्या डावीकडे आमचे मॅनेजर. उजवीकडे आमच्याच वर्कशॉपची फरशी पुसणारी बाई. म्हातारे पाळकसाहेब एकेकाच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवत येत होते. मॅनेजरला म्हणाले, "तुझ्यासाठी." माझ्यापुढे थांबले. माझी नखं निळी होती. मी हात मागे घेतले.

"पाळकसाहेब, माझ्या हातून मोठी चूक झालीय."

ते कानाशी वाकले. "मग हात पुढे कर."

माझी आई गेल्यापासून मला कोणी अरे-तुरे केलं नव्हतं. मी हात पुढे केले.

"तुझ्यासाठी," ते म्हणाले, आणि त्या बाईकडे वळले. तिलाही तेच, त्याच आवाजात.

पुढे काय झालं ते मला नीट सांगता यायचं नाही. तू काय केलंस, असं कोणी विचारलं नाही. येशूने हे देऊन टाकलं तेव्हा मी पातं हातातही धरलं नव्हतं, जन्मलोही नव्हतो. अथांग पाण्याच्या काठावर उभं राहिल्यावर वाटते तशी भीती वाटली, पण पाय मागे घ्यावासा वाटेना. बाकीचे उठून गेले, मुलीने खांद्याला धरलं तेव्हा कुठे उठलो.

सोमवारी सगळ्यांसमोर मॅनेजरना सांगितलं, "अकराही बैठका परत मागवा. बसवणाऱ्यांची चूक नाही, माझी आहे."

टर्नर पुटपुटला, "मास्तर, डोकं ठिकाणावर आहे ना?"

मॅनेजर म्हणाले, "प्लेटींचं काम मग दुसऱ्याकडे द्यावं लागेल."

"द्या."

"आणि तुम्ही?"

"सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायला बसतो."

त्यांनी मान डोलावली.

जेवणाच्या सुट्टीत टर्नर शेजारी येऊन बसला. "आता तुम्हाला हाक काय मारायची?"

"जी मारशील तिला ओ देईन," मी म्हणालो, आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदा हसलो.

दुपारभर मी वाट पाहत होतो, की आता आपलं काहीच उरलं नाही असं वाटेल. वाटलं नाही. रॉकेलमधून हात वर काढले आणि नुसता बघत राहिलो. या हातांवर कोणीतरी काही ठेवलं होतं, आणि ते परत घ्यायला कोणी आलं नव्हतं.