नातवाला देण्याजोगा फोन

माणूस वस्तू विकत घेतो तेव्हा तो नुसते पैसे मोजत नसतो, तो येणाऱ्या पिढ्यांना शब्द देत असतो. हा विचार माझे मेहुणे महिपतराव यांचा असून तो त्यांनी प्रेशर कुकरची रबरी रिंग घेताना मांडला होता. रिंग दिवाळीच्या आत फाटली. विचार मात्र अजून शाबूत आहे.

महिपतराव म्हणजे माझ्या सुधाताईचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणतो. वीज खात्यातून निवृत्त झाले आणि आता ग्वाल्हेरला नई सडकेच्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांचे पणजोबा शिंद्यांच्या पागेत होते, आणि त्या पागेतला कुठला तरी घोडा या घरातल्या प्रत्येक खरेदीत अजून तोंड घालतो. वडिलांचं मनगटी घड्याळ, आजोबांचा पितळी कंदील, एक दणकट स्कूटर असा ऐवज दाजींनी नातवासाठी राखून ठेवला आहे. नातू अजून नाही. त्यांची एकुलती एक मुलगी शिखा घरी बसून कुठल्याशा कंपनीचं काम करते आणि लग्नाचा विषय निघाला की तिची मीटिंग सुरू होते. पण वस्तू तयार आहेत.

अशा माणसाला साठी उलटून गेल्यावर आयुष्यातला पहिला स्मार्टफोन घ्यावा लागला, त्याला कारण झालं तांबोला.

त्यांच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दर वर्षी एक एकांकिका होते. तीत दाजी प्रॉम्प्टर असतात. मंडळातल्या नव्या पिढीला मराठी बोलता येतं, पण वाचताना जीव जातो. त्यामुळे पाठांतर असं कुणाचंच नसतं आणि सगळं नाटक दाजी विंगेतून पुरवतात. पहिल्या रांगेतल्या माणसाला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं, आणि त्यातलं पहिलं जास्त स्पष्ट असतं. वर्षातून एक संध्याकाळ दाजींचा आवाज ग्वाल्हेरात मराठी म्हणून ऐकला जातो. बाकीचे दिवस ते भाजीवाल्याशी हिंदीत भांडतात.

यंदा मंडळाचा नवा सचिव ध्रुव याने टूम काढली, की एकांकिका बंद करून त्या वेळात तांबोला ठेवावा. म्हणजे एकाने आकडे ओरडायचे आणि बाकीच्यांनी आपल्या तिकिटावरचे खोडायचे. संस्कृती टिकवण्याचा याहून स्वस्त उपाय मी पाहिलेला नाही.

दाजींनी फुलस्केप कागदावर विरोध लिहून काढला आणि सराफ्यात ध्रुवच्या दुकानावर नेऊन दिला. मी बरोबर होतो. ध्रुवने कागद हातात घेतला, आणि सामोसा खाऊन झाल्यावर बोटं पुसायच्या कागदाकडे पाहावं, तशा नजरेने त्याच्याकडे पाहिलं.

"काका, कागज कशाला? ग्रुपवर टाका ना. मी मेसेज टाकलाय, ज्यांना ऑब्जेक्शन असेल त्यांनी इतवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर सांगायचं. नाही सांगितलं तर संमती समजायची."

"मी ग्रुपवर नाही."

"मग या ना! स्मार्टफोन घ्या. आजकल तर काका, मंदिराबाहेरचा भिकारीसुद्धा..."

दाजी उठले. भिकाऱ्याचं काय ते दुकानातच राहिलं.

घरी शिखा म्हणाली, "पप्पा, इतकं काय टेन्शन घेताय? तो ग्रुप मी कधी उघडत नाही, पण माझ्या नंबरवरून पाठवून देते ना."

"मराठ्याचा विरोध पोरीच्या फोनातून जाणार? उद्या ध्रुव म्हणेल, शिखानेच लिहिलाय."

"तो म्हणेलच. शुद्धलेखन बरोबर असलं की त्याला शक येतो."

पण दाजींचं ठरलं होतं. ते माझ्याकडे वळले. "बळवंत, तू कॉलेज शिकलेला. उद्या मुरारहून सकाळीच ये. फोन असा घ्यायचा, की नातवाच्या हातात चालता द्यायचा."

दुसऱ्या दिवशी मी आलो, तर दाजींनी दुकानाकडे न जाता उलटी वाट धरली.

"दुकानं तिकडे आहेत, दाजी."

"घोडा घेण्याआधी नालबंद बघावा. चांगला घोडा कुणीही विकतो. लंगडायला लागल्यावर कोण उभा राहतो ते बघायचं."

कॉलेजात मला पुष्कळ शिकवलं, पण एवढं शहाणपणाचं वाक्य कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या नादी लागून माझा अख्खा आठवडा नासला.

आधी आम्ही मोबाइल दुरुस्तीच्या गल्लीत गेलो. गल्ली कसली, फोनांचा खाटीकखाना. टपरीटपरीवर सोललेले फोन पालथे पडलेले, फुटक्या स्क्रीनचा ढीग, फुगलेल्या बॅटऱ्या आणि वितळलेल्या गोंदाचा दर्प. कुणाच्या तरी बायकोचा हसरा फोटो एका मेलेल्या स्क्रीनच्या कोपऱ्यात अजून उजळत होता, आणि त्यावर दुरुस्तीवाल्याने गुटख्याची पुडी ठेवली होती.

दाजींनी एकाला म्हटलं, "बॅटरी बाहेर काढून दाखवा."

"ऐसे नहीं निकलती अंकल. चिपकी रहती है. पीछे से गरम करना पड़ता है."

"चिपकाई क्यों?"

"पतला करने के लिए."

"पतला माँगा किसने था?"

दुरुस्तीवाल्याने हातातलं यंत्र खाली ठेवलं. "माँगा तो किसी ने नहीं, अंकल."

जगभरच्या लोकांनी न मागितलेली ती गोष्ट बनवायला किती हुशार माणसं राबली असतील!

मग कंपन्यांची सर्व्हिस सेंटरं झाली. ती तर याहून ओंगळ, कारण ती स्वच्छ होती. थंडगार हवा, लिंबाच्या वासाचा फवारा, भिंतीवर दात दाखवणारं एक सुखी कुटुंब आणि त्याखाली सोफ्यावर टोकन घेऊन बसलेली खरी कुटुंबं. आयसीयूबाहेर बसावं तशी. एका बाईच्या फोनची काच गेली होती. काउंटरवरचा टायवाला म्हणाला, "मैडम, मॉडल पुराना हो गया. पार्ट आना बंद है."

"पुराना? बेटे के रिज़ल्ट पर लिया था. उसने अभी अगली क्लास भी पास नहीं की."

"नया मॉडल देख लीजिए ना, बहुत अच्छा आया है."

दाजींना राहवलं नाही. "अरे, माणसाचा गुडघा गेला तर सत्तरीत नवा मिळतो, आणि तुमच्या फोनची काच मिळत नाही?" ते मराठीतच बोलले. टायवाला हसला आणि त्याने त्यांनाही टोकन दिलं.

असं करत करत शुक्रवार उजाडला. अखेर एका कंपनीच्या सेंटरवर दाजींनी एक म्हातारा पाहिला. तो फोन मेलेला घेऊन आला आणि जिवंत घेऊन गेला. फोन चांगला जुना होता, कडा झिजलेल्या. एवढा पुरावा आमच्या शहरात पुष्कळ झाला. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की कंपनी सात वर्षं सॉफ्टवेअर पाठवत राहणार आहे आणि तोवर पार्टही ठेवणार आहे.

"और सात साल बाद?"

"सर, तब तक तो आप..." मुलगी दाजींच्या पांढऱ्या मिशांकडे पाहून थबकली. "तब तक तो आप नया ले लेंगे."

दाजी बाहेर येऊन म्हणाले, "पोरगी सभ्य आहे. घ्यायचा तो यांचाच."

आता दुकान. दुकानात नमुन्याचे फोन साखळीला बांधून मांडले होते आणि त्यांच्यावर सबंध शहराच्या बोटांचा चिकट थर होता. विकणाऱ्या मुलाने कॅमेऱ्याचं स्तोत्र सुरू केलं. चंद्राचे खड्डे दिसतात, म्हणाला. दाजी म्हणाले, मला नई सडकेचे दिसतात तेवढे बस आहेत.

"अंकल, ग्लास एकदम अनब्रेकेबल. ऊपर से गाड़ी निकाल दो."

दाजी खूश झाले. त्यावर त्या मुलाने त्या अभेद्य काचेवर लावायला दुसरी काच काढली. मग तिच्या कडा सांभाळायला रबरी कव्हर काढलं. आणि मग दोन्ही काचा फुटल्या तर, म्हणून विमा काढला. यातला एकही शब्द उच्चारताना त्याच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. निलाजरेपणाची पदवी असती, तर तो पोरगा सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला असता. दाजींनी तिन्ही घेतली. नातवाचा प्रश्न होता.

शनिवारी सकाळी फोन सुरू व्हायचा होता. पण सुधाताई आडवी आली. "नवी वस्तू अशीच हातात घ्यायची? या घरात खिळा आणला तरी त्याची पूजा होते."

हे खरं आहे. दसऱ्याला त्यांच्याकडे तलवारीपासून मिक्सरपर्यंत सगळं पाटावर येतं. ताईने पाट मांडला, कव्हर काढायला लावलं, फोनच्या पाठीवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हळद वाहिली, आणि मग दाजींनी फोन उभा धरला व तिने डोक्यावर टाकतात तशा भरघोस अक्षता त्याच्यावर टाकल्या. फोनचं डोकं कुठलं आणि पाय कुठले हे त्या दोघांना कुणी सांगितलं नव्हतं. चार्जिंगचं भोक वर होतं.

"मम्मी, उसमें चावल गया!" शिखा ओरडली.

"जाऊ दे. शुभ असतं."

दाजींनी चार्जर लावला. लागेना. त्यांच्या घराण्यात अडलेल्या गोष्टीवर जोर हा एकच उपाय चालत आला आहे. त्यांनी तो केला. कट्ट असा आवाज झाला, आणि पिढ्यान् पिढ्या टिकायचा फोन दुपारपर्यंत उरलीसुरली बॅटरी संपवून काळा पडला.

शिखा टाचणी घेऊन बसली. टाचणीला हळदीचा लगदा आला. मला त्या लगद्याचीसुद्धा किळस वाटली नाही; आठवडाभरात पाहिलेल्या गोष्टींत तोच काय तो घरचा होता.

रविवारी सेंटर अर्धा दिवस उघडं असतं. आम्ही शटर वर जायच्या आधीच पायरीवर उभे होतो. तीच सभ्य मुलगी आली. तिने भोकात टॉर्चचा उजेड मारला.

"सर, पूजा की थी?"

दाजी ताठ झाले. "आपको कैसे पता?"

"धनतेरस के दूसरे दिन यहाँ लाइन लगती है सर. किसी में चावल, किसी में सिंदूर. एक अंकल तो नारियल का पानी डाल लाए थे."

"विम्यात बसतं का?" मी विचारलं.

"गिरना बैठता है, पानी बैठता है. पूजा नहीं बैठती."

पण पार्ट होता. पूजेचा रोग शहरात इतका पसरलेला, की तो पार्ट त्यांना जास्तीच ठेवावा लागतो. दुपारी फोन दाजींच्या हातात आला, चार्जिंग गपकन लागलं, आणि रस्त्यात त्यांनी माझा दंड दाबला.

"बघितलंस? दुकानाच्या जिवावर घेतला असता तर आज काय केलं असतं? नालबंद आधी."

आठवड्यातला तेवढा एकच मुद्दा खरा ठरला होता आणि तो माझा नव्हता.

संध्याकाळी आम्ही सगळे दिवाणखान्यात बसलो. दाजींनी जुन्या बटनवाल्या फोनवरून ध्रुवला नवा नंबर सांगितला.

"लिहून घे. आणि आत्ताच्या आत्ता घे मला आत. रात्र व्हायच्या आत."

"अरे वा काका! फोन घेतला? ये हुई ना बात!" ध्रुवचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "लो, केलं ॲड. वेलकम!"

नव्या फोनने टिंग केलं. मंडळाचा गणपती गोल चौकटीत आला. पाठोपाठ ध्रुवने तोच संदेश पुन्हा टाकला: तांबोल्यास हरकत असल्यास रविवार रात्रीपर्यंत येथेच कळवावे, अन्यथा सर्वांची संमती धरण्यात येईल. आजवर एकही हरकत आलेली नाही, असंही त्याने खाली लिहिलं होतं.

"एकाचीही नाही?" ताई म्हणाली. "एवढी वर्षं नाटकात कामं करतात, आणि एकालाही बोलावंसं वाटलं नाही?"

"मेंढरं आहेत," दाजी म्हणाले. "काही हरकत नाही. एक पुरे. शिखा, तू घे फोन. मी सांगतो, तू लिही."

ते उभे राहिले, खाकरले आणि विंगेतला तो आवाज त्यांनी लावला. समोरच्या घराची खिडकी उघडली.

"मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार. ज्या रंगमंचावर आपल्या आजोबांनी... लिहिलंस?"

शिखा स्क्रीनवर बोट फिरवत होती. वर, खाली, पुन्हा वर.

"लिहू कुठे? जागाच नाहीये."

"जागा नाही म्हणजे? एवढा मोठा घेतला!"

मी वाकून पाहिलं. जिथे लिहायची चौकट असते, तिथे बारीक अक्षरांत एक ओळ होती.

त्या ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येतं.