हळू विचार

चेंडू भिंतीवरून पलीकडे गेला, आणि सगळ्यात जास्त आश्चर्य बाबांनाच वाटलं. ते हातातल्या बॅटकडे अशा नजरेने बघत राहिले, जणू ती चुकून दुसऱ्या कुणाची उचलली असावी.

"दादा, पळ की!" हे अंपायर असलेल्या माझ्या आत्याने फक्त भुवयांनी सांगितलं. अंपायरला कुणाच्या बाजूने ओरडता येत नाही.

बाबा पळाले. म्हणजे निघाले. पाणीखात्यात पहाटे व्हॉल्व्ह फिरवण्यात त्यांचा जन्म गेला. महिनाअखेरीला रिटायर होणार होते. खात्याच्या सॉफ्टबॉल टीममधला हा त्यांचा शेवटचा सामना आणि हा पहिला होमरन. बरोबरी, शेवटचा डाव, दोन बाद. या एका धावेवर पाणीखातं जिंकत होतं आणि वीजखातं हरत होतं. वीजखात्याकडून दुसऱ्या बेसपाशी, म्हणजे मातीतल्या चौकोनी गादीपाशी, मी उभा होतो.

चेंडू भिंतीपार गेला की चारही बेस फुकट मिळतात. पण फुकटचंही पायानेच घ्यावं लागतं. एकेका बेसला पाय लावत घरी, म्हणजे जिथून चेंडू मारला तिथे, परत यायचं; कुणी अडवत नाही. बाबा तर बागेत फिरायला आल्यासारखे येत होते. ऊन पिवळं पडलं होतं, मैदान तरंगत असल्यासारखं दिसत होतं. तेवढ्यात मैदानावरचं म्हातारं कुत्रं आत आलं, त्याने दुसरा बेस हुंगला, स्वतःभोवती गिरक्या घेतल्या आणि बेसवर वेटोळं करून ते चक्क घोरायला लागलं.

बाबा आले. थबकले. हा माणूस पहाटे कामाला निघताना चपला हातात घेऊन फाटकापर्यंत अनवाणी जातो. आई म्हणते, "मी लग्न केलंय की मांजर पाळलंय?"

बाबांनी चवड्यांवर कुत्र्याला वळसा घातला आणि ते तिसऱ्या बेसकडे गेले.

मग जल्लोष झाला. पाणीखात्याने बाबांना खांद्यावर घेतलं, आणि जिंकलेले-हरलेले सगळे चहाकडे गेले.

आता नियम असा, की बेसला पाय लागला नाही हे दिसलं तरी अंपायरने बोलायचं नाही. समोरच्या टीमने विचारलं तरच बाद द्यायचं. आणि त्या टीमचा शेवटचा माणूस मैदानाबाहेर गेला की विचारायचा हक्क संपला. कुणी विचारेपर्यंत आत्या गप्प राहते, अशी पृथ्वीवर ही एकच जागा आहे. एरवी ती डॉक्टरलाही औषध सुचवते.

आत्या हाताची घडी घालून उभी होती. मीही उभा होतो. मध्ये कुत्रं.

"ए, वीज गेली का तुझी?" आमचा कॅप्टन बाहेरून ओरडला. "चहा गार होतोय!"

"आलोच!" म्हणालो, पण पाय हलेना. बाहेर पडलो की होमरन कायमचा बाबांचा. पण लहानपणी अंगणात विटांचे बेस मांडून हा खेळ त्यांनीच शिकवला होता. विटेला पाय नाही लागला, तर मी कितीही भोकाड पसरलं तरी बाद.

शेवटी बाबाच आले. "इथे काय करतोयस?" ते कुजबुजले.

"बाबा, तुमचा पाय लागला नाही."

"माहितीये. झोपलंय ना ते."

"मग? जाऊ का मी बाहेर?"

बाबा बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. "छान गेला होता ना रे?"

"एकदम."

"मग झालं." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "विचार तू. पण हळू विचार. उठेल ते."

मी आत्याजवळ गेलो आणि हळू विचारलं. तिची मूठ वर गेली. "आऊट," ती नुसत्या ओठांनीच म्हणाली. मूठ खाली यायला मात्र फार वेळ लागला.

"दादा, धाव रद्द, बरोबरीच राहिली. सगळ्यांना परत बोलवायला हवं. जादा डाव होणार."

"बोलवू की," बाबा बेसशेजारी मातीत बसले. "आधी याची झोप होऊ दे."

आम्ही दोघंही बसलो. बाहेर पाणीखातं अजून जिंकतच होतं. झोपेतच कुत्र्याचे पाय हलायला लागले. ते कुठेतरी जोरात पळत होतं. बाबा वाकून बघत होते, सगळे बेस घेतंय ना.