डाव्या बाजूच्या कोंबड्या

मी डॉक्टर नाही. जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक आहे; पण मुकुटबनकडे ज्याच्या हातात सुई, तो डॉक्टर. ही चूक दुरुस्त करत बसणं मी कधीच सोडलं. माणसं काय म्हणतात ते ऐकून घ्यायचं आणि वजनाचा काटा काय म्हणतो ते लिहायचं, एवढंच माझं काम.

डिसेंबरच्या शेवटी मी काटा घेऊन भगवानरावांच्या शेडात गेलो. दोनशे कोंबड्या, मधोमध जाळी. ही जाळी त्यांच्या सुनेने, सुरभीने, दोन महिन्यांपूर्वी बांधून घेतली होती. खाद्य म्हणजे मका, सोयाबीनची पेंड, जिला आमच्याकडे ढेप म्हणतात, आणि घरच्या तुरीची चुनी, म्हणजे डाळ भरडताना उरलेला साली-कण्यांचा चुरा. चुनीतलं बरंचसं कोंबडीला पचत नाही. ते तसंच खाली पडतं, खालचा भुसा ओला होतो आणि शेडात पाऊल टाकलं की डोळे झोंबतात. सुरभीचं म्हणणं असं, की खाद्यात एन्झाइमची पावडर मिसळली तर हीच चुनी अंगी लागेल. म्हणून डावीकडे पावडर, उजवीकडे नाही, आणि आठ आठवड्यांनी वजन.

भगवानरावांनी तेव्हाच बजावलं होतं, "फरक दिसला तं शेड तुह्यं. नाही दिसला तं कोंबड्या जातीन, अन् मी इथं कापूस भरीन."

शेड मुळात कापसाचंच. कोंबड्या सुरभीने आणल्या. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्या घरात तिचं म्हणावं असं एवढंच होतं.

मी दोन्हीकडच्या दहा-दहा कोंबड्या तोलल्या. डावीकडे सरासरी नऊशे दहा ग्रॅम, उजवीकडे नऊशे पाच. पाच ग्रॅम तर कोंबडी पाणी प्यायली तरी वाढतात.

"काही फरक नाही," मी म्हणालो. गोड करून सांगायची मला सवय नाही.

"झालं मंग," असं म्हणून भगवानराव अंगणात गेले. त्यांना आनंद झाला असंही नाही. कापूस ताडपत्रीखाली उघड्यावर पडला होता, त्यांना जागा हवी होती.

सुरभीने सासूकडे पाहिलं. सकाळी स्वयंपाक सुनेकडे, म्हणून कोंबड्यांना खाद्य टाकायचं काम इंदूबाईंकडे होतं. आणि या पावडरीला त्यांनी पहिल्याच दिवशी 'राख' म्हटलं होतं. सुनेच्या मनात काय आलं ते तिच्या तोंडावर दिसलं. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं.

तेवढ्यात माझं लक्ष भांड्यांकडे गेलं. उजवीकडची कोरडी होती. डावीकडच्या भांड्यांच्या कडांना वाळलेला लगदा चिकटला होता.

"इंदूबाई, इकडचं खाद्य ओलं करता काय?"

"मंग? उकळतं पानी टाकतो. आंघोळीचा हंडा चुलीवर असतेच. म्हशीची ढेप भिजवतो, तसंच हे."

"दोन्हीकडे?"

"नाही. हिच्याच बाजूले." अंगणात ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी आवाज उतरवला. "म्हशीले कोरडी ढेप देली तं पचते काय? मंग कोरडी पावडर कशी लागू पडन? म्हटलं, पोरीचं खरं झालं पाह्यजे."

मी सरळ सांगून टाकलं. "उकळत्या दुधात विरजण टाकलं तर दही लागतं काय? या पावडरीचंही तसंच आहे. आठ आठवडे रोज मारली तुम्ही ती."

इंदूबाईंच्या हातातली परात हळूच खाली आली. सुरभी पोत्यावर बसली होती, ती उठली. रागावेल असं मला वाटलं होतं. ती अंगणात गेली आणि सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, पावडर मिसळताना माझंच चुकलं."

"बरं. उद्या सकाळी कापूस भरू."

"तिचं नाही, माह्यं चुकलं." इंदूबाई दारात येऊन उभ्या होत्या. "मी गरम पानी टाकलं. आनखीन एक खेप होईन कोंबड्याची."

"अन् कापूस कुठं भरू?"

"आपल्या खोलीत भरा."

इंदूबाईंनी नवऱ्यासमोर चूक कबूल केल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. भगवानरावांनीही ऐकलं नसावं. त्यांनी ताडपत्री बाजूला सारली आणि कापसाचं पहिलं गाठोडं खोलीकडे नेलं.

पुढच्या वजनाला मी गेलो तेव्हा मार्च लागला होता. शेडातला डावीकडचा भुसा कोरडा होता, डोळे झोंबले नाहीत. डावीकडे नऊशे ऐंशी, उजवीकडे नऊशे पाच. मी दोनदा तोललं, कारण पहिल्यांदा माझा माझ्यावरच विश्वास बसेना. भगवानरावांनी खुंटीवरची शेडाची किल्ली काढली आणि सुनेपुढे धरली.

घरात कापूस साठवला की अंगाला खाज सुटते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. इंदूबाईंचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

"किती आलं, डॉक्टर?" त्यांनी खाजवत विचारलं.

मी आकडा सांगत होतो, पण सुरभी मध्येच खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली. तिने किल्ली पदराला बांधली, सासूचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि तेल चोळायला लागली. मला आकडा पुन्हा पहिल्यापासून सांगावा लागला.