शेऱ्यात मयत

शेऱ्याच्या रकान्यात 'मयत' शोध, सापडेल ती ओळ काढून टाक. पर्लला, म्हणजे कॉम्प्युटरच्या त्या भाषेत, मी एवढंच सांगितलं होतं. शोधायचा नमुना लिहायला अर्धं मिनिट लागलं, आणि त्या अर्ध्या मिनिटात मी माझ्या आईला मारलं.

"गौरवी, माझं नाव ना गो यादीत!" दुपारी तीनला आईचा फोन, पंचायतीसमोरच्या बूथवरून. "तुझ्याच सेंटरातून आली ना ती?"

पंचायतीत लावलेली कच्ची यादी आमच्याच सेंटरातली, आणखी कुठून येणार! गोवा राज्य होऊन पंधरा वर्षं झाली तरी मतदारयाद्या टाइपरायटरवरच्या. त्या कॉम्प्युटरवर घालायचं काम डिचोलीत आमच्या सेंटरच्या मालकांनी, गोकुळदासांनी घेतलं, आणि मेलेल्यांची नावं गाळायचं माझ्या गळ्यात मारलं. पाचला पक्की यादी निवडणूक कचेरीत द्यायची होती. आई उद्या पंचायतीच्या निवडणुकीचा अर्ज भरणार होती, बायकांच्या राखीव वॉर्डातून. यादीत नाव नाही, तर अर्ज बाद.

मला बसवेना. उठले, पाणी प्याले, परत बसले. मूळ यादी उघडली. सत्यवती, वय बावन्न. शेरा: 'पती मयत'.

देवा रे! घरोघर फिरून माहिती लिहिणाऱ्या मास्तरांनी प्रत्येक विधवेपुढे हेच लिहिलं होतं. कोणी सांगितलं होतं त्यांना? कोणीच नाही. आमच्याकडे बाईची ओळख नवऱ्यावरून, तो गेला तरी. आणि मेलं कोण, हे माझ्या नमुन्याला काय ठाऊक! शब्द दिसला की ओळ उडवली.

"छापायला लावू गो?" गोकुळदासांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"थांबा हो जरा! डोकं खाऊ नका."

नमुन्याच्या तोंडाशी टोपीची खूण घातली. म्हणजे शेरा 'मयत'नेच सुरू होत असेल तरच काढायचं, मध्ये कुठे असेल तर हात लावायचा नाही. घाईत एकदा भलतीच फाइल उघडली. सव्वाचारला आकडा आला: एकशे बारा बायका परत. एकशे बारा! मला रडूच फुटलं. लाज वाटली, स्वतःचा संताप आला.

गोकुळदासांच्या स्कूटरवरून यादी पोचवली तेव्हा पाचला सात मिनिटं होती. कचेरीबाहेरूनच बूथवर फोन लावला. आई तिथेच बसून होती.

"आलं तुझं नाव. माझंच चुकलं गो आई, तुला मेलेल्यांत धरलं मी."

"रडतेस कित्याक?" ती म्हणाली. "बाबा गेल्यापासून वाड्यावर दोन बारशी झाली, हळदीकुंकू झालं. माका कोणी बोलावलं? तुझ्या मशिनानं वेगळं काय केलं?" मग तिचा आवाज चढला. "आता मत मागायला एकेकीच्या उंबऱ्यावर मीच जाऊन उभी राहणार. बघू या, कोण दार लावता ते!"