आमचं काय चोरलंय ते दाखव

ईश्वरवर संशय आला तो १९८३ च्या मे महिन्यात, आणि त्याला कारण त्याचंच तोंड.

ईश्वर माझा नवरा. कॉलेजपासूनची ओळख, म्हणून अरे-तुरे. नागपूरहून शिकागोजवळच्या शॉमबर्गला आलो तेव्हा जवळपास आपलं विहार नव्हतं, म्हणून रविवारी आम्ही शिकागोतल्या जपानी लोकांच्या बुद्धमंदिरात जायचो आणि त्रिसरण मनातल्या मनात म्हणायचो. हे त्याने, इंजिनिअर होता त्या कारखान्यात, जेवताना सगळ्यांना सांगून टाकलं. धम्म लपवायचा नाही, हे त्याने घरातूनच आणलेलं. पण कारखाना लेथ, म्हणजे लोखंड कातायची यंत्रं बनवणारा, आणि स्वस्त जपानी लेथ येऊन रोज एक गिऱ्हाईक पळवत होत्या. कुठे काय बोलावं, याची अक्कल नाही या माणसाला!

मग हा जपान्यांना खबरा देतो, अशी कुजबुज सुरू झाली. तो आला की ड्रॉइंगच्या कपाटाला कुलूप. टेबलावरचे कागद उलटे. एकदा पार्किंगमध्ये एक सहकारी त्याच्या गाडीत डोकावताना दिसला. मलाही कुणाचा भरवसा वाटेना. शेजारच्या वीणाकाकूंनी सहज विचारलं, "मंदिरात कोण कोण भेटतं गं?" तर माझ्या डोक्यात किडा, यांना कुणी पाठवलं? व्हिसा कंपनीच्या हातात होता. नोकरी गेली की बॅगा भरायच्या.

मालक हॉटन म्हातारा. त्याच्या आजोबांचा इंग्लंडात, शेफिल्डला सुऱ्यांचा कारखाना होता. जर्मन माल आला आणि तो बुडाला. जर्मनांनी आमची विद्या चोरली, असं आजोबा मरेपर्यंत म्हणायचे, हे हॉटन येईल त्याला ऐकवायचा. शेवटी त्याने एक जपानी लेथ विकत आणली आणि ईश्वरलाच म्हणाला, उघड, आणि आमचं काय चोरलंय ते दाखव.

त्या संध्याकाळी ईश्वर हातसुद्धा न धुता खुर्चीत बसला.

"काय निघालं?" मी विचारलं.

"काहीच नाही, शीला. आपला एक पार्ट नाही त्यात. डिझाइनच वेगळं. पार्ट कमी, आणि फिटिंग तर बघत राहावं असं."

"अरे, मग सुटलास की!"

"मलाही तसंच वाटलं. म्हटलं, सर, चोरी नाहीये, दे आर जस्ट बेटर. तर म्हणाला, हे बोलायला तुला मंदिरात शिकवलं का? फ्रायडे माझा लास्ट डे."

मला हॉटनचा राग आला, आणि त्याहून जास्त ईश्वरचा.

"एखादा बोल्ट आपला आहे म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं?"

"मग तो त्यांना कोणी दिला, असं विचारलं असतं."

मी उठले आणि क्लॉझेटमधून बॅगा काढायला लागले.